खान्देशी कानांसाठी पॉडकास्ट: सण, करमणूक, नाती. कोणते भाग हवेत आणि कोणाच्या आवाजात?

पांझराकाठची

मंडळी, राम राम.

धुळ्याहून शिरपूरला रोज बसने जाते-येते, त्यामुळे कानात सतत काहीतरी चालू असतं. लग्न टिकवण्यावरचे भाग, नट-नट्यांच्या गप्पा, सणांची माहिती, भुताच्या गोष्टी, घटस्फोटानंतरचं आयुष्य, सगळं ऐकते. मराठीत आता ऐकायला भरपूर आहे आणि त्यातलं बरंचसं मनापासून केलेलं आहे. पण ऐकता ऐकता एक गोष्ट फार जाणवू लागली. या सगळ्यात संस्कृती एका कप्प्यात, करमणूक दुसऱ्यात आणि नाती तिसऱ्यात. सणाच्या भागात पूजेचं साहित्य आणि मुहूर्त सांगतात, नात्यांच्या भागात समुपदेशक बोलतात. आपल्याकडे या गोष्टी अशा वेगळ्या कधी होत्या?

आखाजीच घ्या, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. सासरी गेलेली लेक माहेरी येते, गौराई बसते, निंबाला झोके बांधले जातात आणि गाणी सुरू होतात. म्हणायला ती करमणूक. पण त्या गाण्यांत असतं काय? सासूचा जाच, नणंदेचं टोचून बोलणं, घ्यायला येणाऱ्या भावाची वाट, बापाने इतक्या लांब दिलं त्याचा राग. जे बाई घरात बोलू शकत नाही ते ती झोक्यावर चारचौघींत गाऊन मोकळी होते आणि कोणी तिला अडवत नाही, कारण सण आहे. दोन आळ्यांतल्या पोरी एकमेकींना गाण्यातून शिव्या देतात, त्यालाही मुभा असते. त्याच दिवशी पितरांची घागर भरतात, वर डांगर (खरबूज) ठेवतात, म्हणजे गेलेल्या माणसांशी नातंही त्याच दिवशी जपायचं. आणि शेतावरच्या सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या गड्याचं, सालही आखाजीलाच संपतं. वर्षभर ज्या घरची भाकर खाल्ली तिथे पुढचं वर्ष राहायचं की नाही, हे त्या दिवसांत ठरतं. मालक आणि सालदार या नात्यावर मराठीत कोणी तासभर बोललेलं मी अजून ऐकलेलं नाही. दोघांना समोरासमोर बसवायला हवं. आणि सालदाराला आधी बोलू द्यायला हवं.

कानबाईचंही तसंच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली ही खान्देशी देवी घरोघरी बसते. रोटांसाठीचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठीचे, गहू घरातल्या पुरुषांच्या हिशेबाने सव्वा मूठ, सव्वा मूठ असे मोजतात आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. त्यामुळे बांधावरून वर्षानुवर्षं तोंड न बघणारे भाऊ त्या रविवारी एका घरात येतात. सुरत, नाशिक, मुंबई, पुण्याला पांगलेली घरं गावाकडे निघतात. मला असा भाग हवाय ज्यात एखाद्या कुटुंबाला विचारलंय की त्या दिवशी नेमकं काय होतं. आधी कोण बोलतं? जमिनीचा विषय निघतो का? आणि गहू पुरुषांच्या नावाने मोजतात, तर ते निवडणाऱ्या, दळणाऱ्या, रोट भाजणाऱ्या सुनेला तेव्हा काय वाटतं? मी स्वतः श्रद्धेने कानबाई करते. श्रद्धा आहे म्हणूनच हे विचारावंसं वाटतं.

अजून एक सांगते, मग तुम्ही बोला. बहिणाबाई असोद्याच्या लेक, जळगावच्या सून. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी जी गाणी रचली ती मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह आला. घरात टिपून घेणारं माणूस होतं म्हणून ते शब्द वाचले. ज्या घरांत असं कोणी नव्हतं तिथल्या बायांनी रचलेलं सगळं त्यांच्याबरोबर गेलं. आज प्रत्येक घरात आवाज टिपणारं यंत्र आहे, तरी आपण टिपत नाही, याचा मला मनापासून त्रास होतो.

तर सांगा: तुम्ही काय ऐकता, कोणते विषय यायला हवेत आणि बोलायचं कोणी?

उधनाकर

ताई, राम राम. मी मूळचा साक्रीकडचा, आता सुरतेत. उधना, लिंबायत या भागात फिरलात तर वाटेल धुळ्यातच आहोत. आमच्यासाठी भाग पाहिजे तो भुसावळ-सुरत लाईनवरच्या माणसांवर. नवरा सुरतेत खोली करून राहतो, बायको-पोरं गावाला, सणाला गाडीत उभ्याने प्रवास. असे संसार आमच्या गल्लीत कितीतरी आहेत. नवरा-बायकोत बोलणं होतं ते फोनवर, रात्रपाळी सुटल्यावर. ‘लांबचं नातं’ म्हणून शहरातल्या पॉडकास्टमध्ये जे सांगतात त्यात दोघंही नोकरीवाले असतात आणि विमानाने भेटतात. आमच्या बायका काय सहन करतात ते कोणी विचारत नाही.

मन्ही आजी आखाजीना गाना म्हने. तिन्हा आवाज आते कोनापान बी नही शे. कोनले इचारू?

रावेरची_सून

धागा आवडला, पण एका ठिकाणी थांबवते. शहरी पॉडकास्टवरचा राग मला पूर्ण पटत नाही.

बाळंतपणानंतर माझं मन फार खचलं होतं. घरात सगळे चांगले, तरी मला रडू यायचं, बाळाला घ्यावंसं वाटायचं नाही. सासूबाई म्हणायच्या दृष्ट लागली, आई म्हणायची होतं असं, सगळ्यांना होतं. एका मराठी पॉडकास्टमध्ये एका डॉक्टर बाईंनी हेच सगळं सांगितलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. तो भाग मी नवऱ्याला ऐकवला. मी स्वतः त्याला हे सांगू शकले नसते. त्या डॉक्टर आमच्या गावच्या असत्या, आमच्या जातीच्या असत्या तर मी ऐकलंही नसतं, कारण भीती वाटली असती की बातमी घरापर्यंत जाईल.

झोक्यावर गाऊन मोकळं होता येतं हे खरं. पण गाऊन झाल्यावर ती परत त्याच सासरी जाते. दुखणं गाण्यात आलं म्हणजे बरं झालं असं नाही. म्हणून मला दोन्ही हवंय. गाणं लावा, आणि त्याच भागात पुढे एखाद्या समुपदेशकाला बसवा, जी त्या गाण्यातल्या बाईला आज काय मदत मिळू शकते ते सांगेल. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा आहे, पण आमच्याकडे किती जणींना त्यातलं संरक्षण अधिकारी हे पद माहीत आहे?

पांझराकाठची

@रावेरची_सून, तुम्ही हे इथे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. गाणं आणि त्यापाठोपाठ आजचा सल्ला, ही मांडणी मला माझ्या कल्पनेपेक्षा सरस वाटते. तुम्ही लिहिलेलं वाचेपर्यंत मी फक्त टिपून ठेवण्याचा विचार करत होते. ज्या बाईचं दुःख टिपतो तिला काय मिळणार, हा प्रश्न आधी यायला हवा.

चाळीसगावचे_आबा

आमच्या वेळी रेडिओ होता. सिलोनवरून अमीन सायानींची गीतमाला १९५२ पासून सुरू झाली आणि बुधवारी रात्री हॉटेलाबाहेर माणसं उभी राहून ऐकायची. नंतर जळगावचं आकाशवाणी केंद्र आलं आणि आपल्याकडचे लोककलावंत आपल्याला घरबसल्या ऐकू येऊ लागले. कानाने ऐकायची सवय आपल्या भागाला जुनी आहे, हे तरुणांनी लक्षात घ्यावं.

विषय सुचवतो: केकी मूस. कैखुश्रू माणेकजी मूस, जन्म १९१२, मृत्यू १९८९. विलायतेत कला शिकून आलेला हा पारशी कलावंत चाळीसगावात स्टेशनजवळच्या बंगल्यात राहिला आणि पुढची अनेक दशकं घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. सांगतात ते असं, की प्रेयसीने पंजाब मेलने येईन असा शब्द दिला होता, म्हणून रोज रात्री मेलच्या वेळेला ते दार उघडून वाट बघत.

ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि तिथेच गाडी थांबते, याचं मला वाईट वाटतं. घरातल्या घरात टेबलावर चार वस्तू मांडून, प्रकाश पाडून त्यांनी डोंगर, बर्फ, वादळ उभं केलं आणि त्याची छायाचित्रं काढली. त्या टेबलटॉप छायाचित्रणासाठी त्यांना जगभरातून पारितोषिकं आली. चित्रं काढली, शिल्पं केली, सतार वाजवली, कागदाच्या घड्यांतून आकार केले. भाग कराल तर प्रेमकथा पाच मिनिटं आणि काम पन्नास मिनिटं असा करा. त्या घरात आता संग्रहालय आहे. आतला एकेक फोटो समोर ठेवून माहितगार माणसाकडून वर्णन करून घ्या. फोटो कानाने कसा दाखवायचा म्हणाल, तर सावली कुठून पडली, कापसाचा बर्फ कसा केला, एवढं नीट सांगितलं तरी डोळ्यांपुढे उभं राहतं.

सातपुड्याची_लेक

मी धडगावकडची, पावरा आदिवासी. हा धागा खान्देशचा आहे तर आमच्याबद्दलही बोलू द्या.

होळी जवळ आली की दरवर्षी कोणीतरी भोंगऱ्यावर भाग करतं आणि सांगतं की हा पळून जाऊन लग्न करायचा बाजार. मुलगा गुलाल लावतो, मुलीने लावला की लग्न ठरलं, वगैरे. ऐकून संताप होतो. भोंगऱ्या हा होळीच्या आधीचा हाट आहे. होळीला लागणारं सामान घ्यायचं, गूळ, डाळ्या, हार-कडं, कपडे, ढोल घेऊन गावच्या गाव येतं, नाचतं, नातेवाईक भेटतात. तरुण मुलं-मुली भेटतात, जशी कुठल्याही जत्रेत भेटतात. आमच्या समाजातले शिकलेले लोक वर्षानुवर्षं हे सांगत आहेत. तरी मसालेदार गोष्ट विकली जाते आणि त्याचा त्रास बाजारात आलेल्या आमच्या मुलींना होतो, कारण बाहेरची पोरं मोबाईल घेऊन तेच शोधायला येतात.

नात्यांवर बोलायचं तर आमच्याकडचं देज घ्या. मुलाकडचे मुलीच्या घरी देज देतात. हुंड्याच्या बरोबर उलट. त्यात आमचेही प्रश्न आहेत, रक्कम वाढत चालली आहे, कर्ज होतं, त्यावर समाजात वाद सुरू आहेत. तो वाद आमच्याच माणसांच्या तोंडून ऐका. काठी गावच्या होळीत जे बुध्या, बावा होतात ते अंग रंगवून, मोरपिसं आणि कमरेला भोपळे बांधून नाचतात, हे सगळे शूट करतात. पण ते नवसाचे दिवस पाळणी करतात, जमिनीवर झोपतात, बायकोपासून लांब राहतात, ते दिवस त्या घरात कसे जातात हे कोणी विचारत नाही. माझी एक अट: भाग पावरी किंवा भिलीत व्हावा, मराठीत सारांश द्या. उलट नको.

उधनाकर

+१. बाजाराबद्दल हे मला माहीत नव्हतं, आणि आमच्या इथल्या गटांत ते व्हिडिओ फिरत असतात. आता आला तर हा प्रतिसाद तिथे टाकतो, चालेल ना ताई?

सातपुड्याची_लेक

चालेल दादा.

गिरणाकाठ

करमणुकीचं कोणी फारसं बोललं नाही म्हणून लिहितो. वही गायन करणारी मंडळं आपल्या भागात अजून आहेत, रात्रभर पुराणातल्या कथा गातात. खान्देशी तमाशाचे फड आहेत. मालेगाव शहर जिल्ह्याने नाशिकात, पण बोलीने आणि बाजाराने आपलंच. तिथल्या यंत्रमागावरच्या पोरांनी शुक्रवारच्या सुट्टीत, हाती होतं त्या कॅमेऱ्यावर सिनेमे काढले आणि गावातल्या व्हिडिओ पार्लरमध्ये ते तुफान चालले, त्यावर जगभर बोललं गेलं. पण त्या सिनेमांत बायांची कामं करायला बाहेरगावाहून कलाकार आणावे लागत, आणि गावातल्या बायका ते सिनेमे कुठे आणि कसे बघायच्या, हा माझ्या मते खरा भाग आहे.

अहिराणी गाण्यांबद्दलही स्पष्ट लिहितो. यूट्यूबवर ती कोट्यवधी वेळा वाजतात, लग्नात त्यावर सगळे नाचतात, मीही नाचतो. अहिराणी बोलायला लाजणारी पोरं त्या गाण्यांमुळे बोलू लागली, हे त्यांचं मोठं काम. पण बोली फक्त पोरगी पटवायला आणि हसवायलाच वापरली तर उद्या पोरांना वाटेल की गंभीर बोलायचं तर मराठीत किंवा हिंदीत. अहिराणीत बाप-लेकाचं भांडण, कर्ज, म्हातारपण, आजारपण यायला हवं. म्हणून भाग अहिराणीतच करा.

रावेरची_सून

@गिरणाकाठ दादा, पण खान्देश म्हणजे एकटी अहिराणी नाही. आमच्या रावेर-यावलकडे लेवा गणबोली. बहिणाबाईंची भाषा तीच, तिला कितीतरी लोक अहिराणी म्हणतात. जामनेरकडे तावडी, शहाद्याकडे गुजर लोकांची वेगळी. ज्याची जी बोली त्यात त्याने बोलावं.

गिरणाकाठ

मान्य. माझा आग्रह एवढाच की पाहुणा बोलीत सुरू झाला की सूत्रसंचालकाने त्याला प्रमाण मराठीकडे ओढू नये. बोलणाऱ्यांची काळजी वाटते म्हणून लिहितोय. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या नोंदीखाली साडेअठरा लाखांच्या आसपास लोक आहेत आणि २००१ मध्ये हाच आकडा वीस लाखांच्या वर होता. माणसं कमी झालेली नाहीत. मातृभाषा मराठी सांगणारी घरं वाढली असावीत, असं मला वाटतं.

ध्वनीवाला

जळगावात लग्न-कार्यक्रमांचं ध्वनीमुद्रण करतो. स्टुडिओची अजिबात गरज नाही, पण काही गोष्टी पाळा.

फोन एअरप्लेन मोडवर. पंखा, कूलर, फ्रिज बंद. आपल्या उन्हात हे जड जातं, म्हणून पहाटे किंवा रात्री बसा. नव्या घरांत फरशी आणि स्लॅबमुळे आवाज घुमतो, तेव्हा ज्या खोलीत गाद्या-गोधड्या रचलेल्या असतात ती निवडा. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, समोर न धरता थोडा बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’ला फटकारा बसत नाही. कॉलर माईक असेल तर पदराला लावताना बांगड्या आणि मंगळसूत्राकडे लक्ष द्या, किणकिण नंतर काढता येत नाही. सुरुवातीला कोणी न बोलता थोडा वेळ खोलीचा आवाज घेऊन ठेवा, कापाकापीच्या जागा भरायला तो लागतो.

मूळ मुद्रण डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा आणि दोन ठिकाणी जपा. लोकांना पाठवायची प्रत ६४ केबीपीएस, मोनो, एमपी३ करा. अर्ध्या तासाचा भाग साधारण १४-१५ एमबीत बसतो आणि व्हॉट्सॲपवर सहज जातो. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांत एकीचा फोन मोठ्याने लावतात आणि सगळ्या ऐकतात. तिथे नेट रडत असतं, म्हणून आधीच उतरवून घेता येईल एवढी लहान फाईल हवी.

आणि जात्याची घरघर, झोक्याच्या दोराची करकर, भाकरी थापल्याचा आवाज काढून टाकू नका. बाई तिथेच गात आली आहे.

अमळनेरची_माई

मी साठीच्या पुढची आहे. मुलीने हा धागा वाचून दाखवला, लिहून तीच देते आहे.

गाणी टिपा, पण आधी विचारा. आखाजीच्या गाण्यांत आम्ही नावं घालतो. सासूचं, दिराचं, गावाचं. झोक्यावर ते चालतं, कारण ऐकणाऱ्या आपल्याच असतात. तेच फोनवर गावभर फिरलं तर त्या घरात काय होईल याचा विचार करा. माझ्या सासूबाई गेल्या, पण त्यांच्या लेकी आहेत, माझ्या नणंदा. त्यांच्यात आणि माझ्यात आता प्रेम आहे. मी तरुणपणी रागाने गायलेलं आज त्यांच्या कानावर जाऊ नये असं मला वाटतं.

म्हणून बाईला सांगा की हे कोण ऐकणार. नाव काढायचं तर काढा. गायल्यावर तिला परत ऐकवा, आणि नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसा. नवऱ्याची किंवा मुलाची परवानगी म्हणजे तिची परवानगी नाही. काही बायका म्हणतील टिपा पण मी असेपर्यंत कोणाला देऊ नका, तर तेही ऐका.

आणि फक्त दुःखाची गाणी नेऊ नका. आम्ही हसायचोसुद्धा खूप. विहिणीला चिडवायची गाणी आहेत, नवरदेवाची फजिती करायची आहेत. मुलं ऐकतात म्हणून आता कोणी म्हणत नाही, पण ती म्हणताना आम्ही पोट धरून हसायचो. ती आधी घ्या.

पांझराकाठची

माई, नमस्कार करते. तुमचा प्रत्येक शब्द मी नियम म्हणून लिहून घेतला आहे.

आतापर्यंतचं धरून मी असं ठरवतेय. पहिला भाग विहिणींच्या गाण्यांचा, माईंच्या म्हणण्याप्रमाणे हसऱ्या गाण्यांपासून सुरुवात. दुसरा सुरत-भुसावळ लाईनवरच्या संसारांचा, त्यात गावाकडे राहिलेली बायको आधी बोलेल, नवरा नंतर. तिसऱ्यात आखाजीचं एक गाणं आणि त्यानंतर समुपदेशक, @रावेरची_सून यांनी त्याचे प्रश्न लिहून द्यावेत. केकी मूस आबांच्या सोबत संग्रहालयात जाऊन करू. देज आणि होळीचे भाग @सातपुड्याची_लेक यांच्या गटाने करावेत, आम्ही फक्त फाईल पोचवायला मदत करू. कानबाई आणि सालदाराचा भाग माझ्याकडे.

मुद्रण झालं की ज्याचा आवाज आहे त्याने ऐकून हो म्हटल्याशिवाय काहीही इथे टाकायचं नाही. हे सर्वांना मान्य आहे का?

सातपुड्याची_लेक

मान्य. पण पावरीतल्या भागाचा मराठी सारांश मी वाचल्याशिवाय टाकू नका.

ध्वनीवाला

मान्य. दोन कॉलर माईक माझ्याकडे पडून आहेत, ज्यांना हवेत त्यांनी व्यक्तिगत निरोप करा. जळगावात येऊन न्यावे लागतील.

उधनाकर

मान्य. मन्ही बायको तयार शे, पन ती म्हनस का मी समोर बसाले नको. मंग कोन इचारी तिले? आठे साक्रीकडनी एखादी ताई शे का?

अमळनेरची_माई

माझी भाची पिंपळनेरला असते, शिक्षिका आहे. तिला विचारून मुलीकडून कळवते.